अठ्ठेचाळिशीतला होमरन

४ मे २००७, अमेरिकेतलं फिनिक्स. बेसबॉलचा सामना. चेंडू टाकायला ४३ वर्षांचा रँडी जॉन्सन, बॅट घेऊन न्यूयॉर्क मेट्सचा हुलिओ फ्रँको. फ्रँकोचं वय ४८ वर्षं २५४ दिवस. चेंडू कुंपणापार गेला, म्हणजे होमरन. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, इतक्या वयात होमरन कोणीच मारला नव्हता.

हे किती अवघड, त्याचा हिशोब करू. पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातातून सुटलेल्या चेंडूला फलंदाजापर्यंत साधारण १७ मीटर जायचं असतं. ताशी १५० किलोमीटर वेगाने त्याला लागतात जेमतेम ०.४ सेकंद. त्यातले ०.१५ सेकंद नुसती बॅट फिरवण्यात जातात. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूपर्यंत पोचायलाही वेळ लागतोच. म्हणजे चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच मारायचं की सोडायचं हे ठरलेलं हवं. शेवटच्या टप्प्यात तर नजर चेंडूबरोबर टिकतच नाही. तो कुठे असेल, हा मेंदूचा अंदाज असतो. हा अंदाज हजारो चेंडू खेळून पक्का होतो, आणि तो वयाबरोबर लगेच ओसरत नाही.

ओसरतात ते स्नायू. झटक्यात आकुंचन पावणारे तंतू वयानुसार आधी बारीक होतात. चाळिशीनंतर सोसायटीच्या मॅचमध्ये कॅच सुटला की आपण ‘डोळ्यांवर ऊन आलं’ म्हणतो, ते यामुळेच!

फ्रँकोची कारकीर्द याचा नकाशाच आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधला हा पोरगा १९८२ मध्ये फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमध्ये आला. क्लीव्हलँडला तो शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावताना गाठायच्या ठाण्यांच्या) मधला क्षेत्ररक्षक. तिथे झेपावून चेंडू अडवायचा आणि लगेच लांब फेकायचा. कारण फलंदाज चारेक सेकंदांत पहिला बेस गाठतो, थ्रो त्याआधी पोचायला हवा. पुढे तो दुसऱ्या बेसवर आला. १९९१ मध्ये टेक्सासकडून ०.३४१ च्या सरासरीने, म्हणजे शंभरातल्या ३४ वेळा यशस्वी फटका मारून, त्याने अमेरिकन लीगचं (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचं) फलंदाजीचं विजेतेपद मिळवलं. उतारवयात तो पहिल्या बेसवर स्थिरावला, जिथे पळापळ कमी आणि मुख्य काम सोबत्यांचे थ्रो पकडण्याचं.

मेजर लीगचे आठ संघ, शिवाय जपान, दक्षिण कोरिया, मेक्सिको. त्याची बॅट धरण्याची तऱ्हा मात्र कुठेच बदलली नाही: हात डोक्याच्या मागे उंच, बॅटचं टोक थेट पिचरकडे वळलेलं. एवढ्या लांबून बॅट फिरवत आणायची म्हणजे वेळ आणखी कमी. कुठलाही कोच हे पोरांना शिकवणार नाही.

२०१५ मध्ये जपानच्या इशिकावातल्या एका छोट्या संघाचा तो व्यवस्थापक होता. वय ५६. आणि गरज पडली की स्वतःच बॅट घेऊन उतरायचा.