ऐतिहासिक माहितीपटांतील संग्रहित चित्रण

ऐतिहासिक माहितीपटांतील संग्रहित चित्रण : माहितीपट तयार होण्यापूर्वी दुसऱ्याच कोणी, दुसऱ्याच हेतूने टिपलेल्या चलच्चित्रांचा इतिहास सांगण्यासाठी केलेला वापर. वृत्तपट, लष्करी कॅमेरामनांची रिळे, प्रचारपट, दूरचित्रवाणीच्या बातम्या, घरगुती ८ मिमी. फिती, अर्धवट सोडलेल्या चित्रपटांचे तुकडे असे काहीही यात मोडते. व्यवसायात याला 'आर्काइव्हल फुटेज' किंवा नुसतेच 'आर्काइव्ह' म्हणतात. व्याख्येतील 'दुसऱ्याच हेतूने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. या वापरातील बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

ही कल्पना जवळजवळ सिनेमाइतकीच जुनी आहे. पोलिश कॅमेरामन बोलेस्लाव मातुशेव्स्की याने १८९८ मध्ये पॅरिसमध्ये एक पुस्तिका काढून चित्रफीत हे इतिहासाचे नवे साधन असल्याचे मांडले आणि फिती जतन करणारा संग्रह मागितला. एका छायाचित्रात फेरफार करता येईल, पण हजारो चौकटींत कोण करत बसणार, हा त्याचा युक्तिवाद. चौकटीला हात न लावताही चित्राचा अर्थ फिरवता येतो, हे त्यानंतर तीसेक वर्षांत दिसून आले. सोव्हिएत संकलक एस्फिर शूब हिने १९२७ मध्ये रोमानोव्ह घराण्याच्या पतनावर जो चित्रपट केला, त्यात झारच्या दरबारी कॅमेरामनांनी राजकुटुंबासाठी काढलेली दृश्ये होती. जहाजाच्या डेकवर नाचून घामाघूम झालेले उमराव आणि लगेच शेतकऱ्यांचे कष्ट, असा नुसता जोड देऊन तिने ती दृश्ये राजघराण्याविरुद्धच साक्षीला उभी केली. केवळ जुन्या फिती जोडून केलेल्या संकलनपटाची परंपरा तिच्यापासून मोजतात. ए. के. चेट्टियार यांनी देशोदेशी फिरून मिळवलेल्या चित्रणातून १९४० मध्ये केलेला गांधीजींवरील तमिळ माहितीपट आणि विठ्ठलभाई झवेरी यांचा १९६८ मधील सुमारे साडेपाच तासांचा गांधीचरित्रपट याच वाटेवरचे.

ओळख पटवणे. फितीच्या डब्यावरची चिठ्ठी हा पुरावा नव्हे. रीळ कोणी, कुठे, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून चित्रित केले हे ठरवावे लागते आणि त्यासाठी फितीच्या कडेचे छापील कोड, कॅमेरामनच्या नोंदी, गणवेश, दुकानांच्या पाट्या, झाडांची पालवी, सावल्यांची लांबी असे सगळे पाहावे लागते. नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क संक्रमण छावणीच्या (कैद्यांना रेल्वेने मृत्युछावण्यांकडे धाडण्यापूर्वी ठेवण्याच्या नाझी छावणीच्या) चित्रणाची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. छावणीच्या जर्मन प्रमुखाच्या आदेशावरून रुडॉल्फ ब्रेस्लाऊअर या तिथल्याच कैद्याने १९४४ मध्ये ते केले. मालडब्याचे दार बंद होण्यापूर्वी फटीतून बाहेर पाहणारी, डोक्याला फडके बांधलेली एक मुलगी त्यात काही क्षण दिसते. पुढची अनेक वर्षे तो तुकडा माहितीपटांत फिरत राहिला आणि ती निनावी मुलगी ज्यूंच्या संहाराचे प्रतीक बनली. १९९४ मध्ये डच पत्रकार आद वाखेनार यांनी तिचा माग काढला. ती सेटेला स्टाइनबाख होती, ज्यू नव्हे तर सिंती, म्हणजे रोमा (जिप्सी) समाजातली. गाडी सुटल्याची तारीख १९ मे १९४४ असल्याचे ठरले, ते याच चित्रणात दिसणाऱ्या एका वृद्ध बाईच्या सुटकेसवर रंगवलेल्या नावामुळे. म्हणजे उत्तर इतकी वर्षे पडद्यावरच होते. चित्र भावना जागवायला पुरेसे होते, म्हणून ते वाचायची घाई कोणाला झाली नाही, एवढेच.

बनावट, अर्धबनावट. सॉम लढाईवरील १९१६ चा ब्रिटिश चित्रपट बहुतांशी खराखुरा आहे. पण त्यातले सर्वांत गाजलेले दृश्य तसे नाही. खंदकातून वर चढणारे सैनिक आणि चढता चढता मागे घसरून पडणारा एक जण, हा प्रसंग आघाडीच्या मागे रचून चित्रित केल्याचे अभ्यासक मानतात. सैनिकांच्या पाठीवर पुरेसे सामान नाही आणि कॅमेरा जिथे उभा आहे तिथे खऱ्या चकमकीत कोणी उभे राहिले नसते. तरीही पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की हाच तुकडा लागतो. रशियन क्रांतीतील, पेत्रोग्राडच्या हिवाळी राजवाड्यावरील १९१७ च्या चढाईचेही तसेच. फाटकावर चढणाऱ्या गर्दीची दृश्ये म्हणून जी दाखवतात, ती सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइनने दहा वर्षांनंतर चित्रपटासाठी घेतलेली आहेत.

याहून अवघड प्रकार म्हणजे खऱ्या माणसांकडून करवून घेतलेला देखावा. मे १९४२ मध्ये जर्मन चित्रपथकाने वॉर्सा घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, केलेला मूक, अपूर्ण चित्रपट युद्धानंतर हाती लागला आणि त्यातील दृश्ये घेट्टोच्या जीवनाचा पुरावा म्हणून वापरली जाऊ लागली. १९९८ मध्ये वगळलेल्या शॉट्सचे रीळ सापडले. त्यात तेच प्रसंग पुनःपुन्हा घेतलेले दिसतात, मध्येच दुसरा कॅमेरामनही चौकटीत येतो. भुकेलेल्यांच्या शेजारी ऐषारामात राहणारे ज्यू, हा विरोधाभास पथकाने मुद्दाम रचला होता. भूक मात्र खरी होती. असे चित्रण फेकून देता येत नाही आणि खुलासा न करता दाखवताही येत नाही.

कधी नुसती कात्री पुरते. जून १९४० मध्ये फ्रान्सच्या शरणागतीच्या वेळी कॉम्पियेन्य येथे हिटलरने आनंदाने एकदा पाय उचलून आपटला. मित्रराष्ट्रांच्या प्रचारपटांत त्याच चौकटी पुनःपुन्हा जोडल्या गेल्या आणि तो नाचू लागला.

संकलनाच्या टेबलावर. दोष नेहमी मूळ चित्रणातच असतो असे नाही. निवेदन एका लढाईचे चालू असते आणि पडद्यावरचे रणगाडे दुसऱ्याच आघाडीवरचे असतात. हा भरणा माहितीपटांत सर्रास चालतो. निवेदनाखाली अंथरायला काहीतरी हलते चित्र लागते, हे त्यामागचे खरे कारण. १९७३-७४ मध्ये दाखवल्या गेलेल्या थेम्स टेलिव्हिजनच्या २६ भागांच्या दुसऱ्या महायुद्धावरील मालिकेचा दबदबा आजही आहे, त्याला साक्षीदारांच्या मुलाखतींइतकीच फितींची छाननीही कारण आहे.

ध्वनीचा प्रश्न प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. दुसऱ्या महायुद्धातील रणांगणावरचे बहुतेक चित्रण मूक आहे. तोफांचा गडगडाट आणि बुटांचा आवाज नंतर भरलेला असतो. मूक काळात कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटी पडत. तेच रीळ चोवीसच्या वेगाने दाखवले की माणसे तुरुतुरु पळतात आणि एक अख्खी पिढी विनोदी भासते. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचे पहिल्या महायुद्धातील चित्रण वेग सुधारून, रंगवून आणि ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखून ते नटांकडून बोलवून सादर केले. वेग सुधारणे ही दुरुस्ती म्हणता येईल. रंग हा अंदाज असतो. दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत.

काहींनी संग्रहित चित्रण सरळ नाकारले. क्लोद लान्झमान यांच्या १९८५ च्या नऊ तासांहून मोठ्या माहितीपटात ज्यूंच्या संहाराचे एकही जुने दृश्य नाही. आहेत त्या साक्षी आणि आजच्या ओसाड जागा. उलट सर्गेई लोझ्नित्सा यांचा वेढ्यातल्या लेनिनग्राडवरचा २००५ चा माहितीपट निव्वळ जुन्या फितींचा आहे. त्यात निवेदनाचा एक शब्द नाही, आवाज मात्र नव्याने घडवलेले आहेत.

आता संगणकाने निर्माण केलेली कृत्रिम 'जुनी' दृश्येही आली आहेत. संग्रहित चित्रण शोधणाऱ्या अमेरिकी निर्मात्यांच्या 'आर्काइव्हल प्रोड्यूसर्स अलायन्स' या संघटनेने २०२४ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. असे दृश्य वापरले तर प्रेक्षकाला ते कळले पाहिजे, हा त्यातला गाभा.

उपलब्धता आणि हक्क. १९५० च्या सुमारापर्यंतच्या ३५ मिमी. फिती बहुधा नायट्रेटच्या. त्या झटकन पेटतात आणि पेटल्यावर पाण्यानेही विझत नाहीत. पुढच्या ॲसिटेट फिती व्हिनेगरसारखा वास सोडत कुजतात. जे उरले ते बघायला मिळणे वेगळे आणि वापरायला मिळणे वेगळे. ब्रिटिश पाथे या जुन्या वृत्तपटांच्या संग्रहाने २०१४ मध्ये सुमारे ८५,००० वृत्तपट यूट्यूबवर खुले केले. माहितीपटात घ्यायचे तर परवाना घ्यावाच लागतो. शुल्क बहुधा सेकंदांवर किंवा मिनिटांवर ठरते आणि ते देश, माध्यम व मुदत यांनुसार बदलते. मुदतीची मेख सर्वांत वाईट. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीवरील १९८७ ची गाजलेली मालिका परवाने संपल्यामुळे अनेक वर्षे दाखवता येत नव्हती. देणग्यांतून फिती, छायाचित्रे व गाणी यांचे हक्क नव्याने घेतल्यानंतर २००६ मध्ये ती पुन्हा प्रक्षेपित झाली.