मुंग्या लागत नाहीत, म्हणजे शुगर नाही?

‘लघवीला मुंग्या लागत नाहीत, म्हणजे मला शुगर नाही,’ ही समजूत बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात आजही भेटते. निदान होऊन गोळ्या सुरू झालेली माणसेही हीच कसोटी लावतात आणि आहार, व्यायाम, पायांची निगा यांविषयीच्या शिक्षणवर्गाला बोलावले की ‘मला कुठे काय होतंय?’ म्हणून येण्याचे टाळतात. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु या समजुतीला खतपाणी घालते ते आपलेच मूत्रपिंड.

निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात. दर 100 मिलिलीटरमागे 100 मिलिग्रॅम ग्लुकोज धरले, तर रोज 180 ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि ते जवळजवळ सगळे मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांमधून रक्तात परत घेतले जाते. त्यातला सुमारे 90 टक्के वाटा नलिकेच्या सुरुवातीच्या भागातील ‘एसजीएलटी-2’ हे वाहक प्रथिन उचलते. पेशीबाहेर सोडियम जास्त आणि आत कमी असल्यामुळे सोडियम सतत आत शिरू पाहतो. हे प्रथिन त्याला वाट देताना त्याच्याबरोबर ग्लुकोजचा एक रेणूही आत घेते. उरलेला वाटा पुढच्या भागातील ‘एसजीएलटी-1’ उचलते. मात्र पेठेत हमाल मोजकेच असतात आणि ट्रक वाढले की पोती खाली पडून राहतात, तसेच येथेही होते. रक्तातील ग्लुकोज साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेले की वाहक अपुरे पडतात, ग्लुकोज लघवीत उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढून नेते आणि मगच वारंवार लघवी व तहान ही लक्षणे जाणवतात.

मधुमेहाचे निदान मात्र उपाशीपोटी 126 मिलिग्रॅमलाच होते. त्यामुळे 126 ते 180 या पट्ट्यात डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची आणि मज्जातंतूंची हानी होत राहिली, तरी मुंग्यांना त्याचा पत्ता लागत नाही. वय वाढले किंवा आजार जुना झाला की 180 ची ही मर्यादा आणखी वर सरकते. उलट डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहावरची औषधे एसजीएलटी-2 लाच अडवतात. ती घेणाऱ्याची रक्तशर्करा उत्तम आटोक्यात असली, तरी लघवीत ग्लुकोज भरपूर असते. ‘शुगर मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्या चूर्णविक्रेत्यांचे फावते तेही 126 ते 180 च्या याच पट्ट्यात, कारण तेथे रुग्णाला मुळातच बरे वाटत असते.

ज्याला काहीच दुखत नाही, त्याने वर्गासाठी रोजंदारी का बुडवावी? ऊसतोडीला किंवा विडीकामाला जाणाऱ्या बाईला सकाळी 11 ची वेळ देणे म्हणजे तिला येऊ नको म्हणण्यासारखेच आहे. माहितीपत्रक कन्नड लिपीत असेल, तर मराठी शाळेत शिकलेल्या सत्तरीच्या आजोबांना, कानडी कळत असूनही, ते वाचता येत नाही. सीमाप्रश्नाचे काय व्हायचे ते होवो, इन्सुलिनची मात्रा तरी ज्याला जी लिपी वाचता येते तीत छापावी. शिवाय भात पिकवणाऱ्या खानापूरच्या माणसाला पहिल्याच दिवशी ‘भात बंद’ असे सांगितले, तर दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी दिसणारच. प्रश्न भाताच्या प्रमाणाचा आणि त्याच्याबरोबर ताटात डाळ व भाजी किती आहे याचा असतो. साखरेऐवजी गूळ चालतो, हा समज मात्र तेथेच खोडावा, कारण गुळातही मुख्यतः तीच सुक्रोज असते.

म्हणून वर्गाची सुरुवात उपदेशाने न करता बोटातल्या थेंबाने करावी, असे मला वाटते. घरी नेहमी जेवतो तेवढाच भात खाण्यापूर्वी एकदा आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी पुन्हा ग्लुकोमीटरवर तपासणी करावी. दुसऱ्या दिवशी भात निम्मा आणि उसळ जास्त घेऊन तेच करावे. हे चारही आकडे रुग्णाने स्वतःच्या हाताने वहीत मांडले, तर पुढच्या वर्गात त्याच्याकडे विचारण्यासारखे काहीतरी असेल.