शहीद मिनार (ढाका)

१९५२ च्या बंगाली भाषा आंदोलनात मारल्या गेलेल्यांचे स्मारक; ढाका मेडिकल कॉलेजशेजारी. अधिकृत नाव केंद्रीय शहीद मिनार. बांगलादेशातल्या गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत त्याच्या लहान प्रतिकृती आहेत.

पाकिस्तान झाले तेव्हा निम्म्याहून अधिक लोक बंगाली बोलणारे होते, पण सत्ता होती कराचीत. फेब्रुवारी १९४८ मध्ये पूर्व बंगालचे सदस्य धीरेंद्रनाथ दत्त यांनी संविधानसभेच्या कामकाजात उर्दू-इंग्रजीबरोबर बंगालीलाही जागा द्या, अशी दुरुस्ती सुचवली. ती फेटाळली गेली आणि मार्चमध्ये जीनांनी ढाक्यात येऊन राष्ट्रभाषा उर्दूच राहील, असे बजावले. २७ जानेवारी १९५२ रोजी पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांनी पलटण मैदानावर तेच पुन्हा सांगितले. ते स्वतः ढाक्याचे, पण घरी उर्दू बोलणाऱ्या नवाब घराण्यातले. २१ फेब्रुवारीला विद्यार्थी जमावबंदी मोडून बाहेर पडले. दुपारी मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहाजवळ गोळीबार झाला. रफिकउद्दीन अहमद, अबुल बरकत आणि अब्दुल जब्बार त्या दिवशी गेले. शफीउर रहमान दुसऱ्या दिवशी, तर जखमी अब्दुस सलाम एप्रिलमध्ये.

पहिले स्मारक मेडिकलच्या विद्यार्थ्यांनीच २३ फेब्रुवारीच्या रात्री बांधले. संचारबंदी होती. रुग्णालयाच्या बांधकामासाठी आणून टाकलेल्या विटा-वाळू त्यांनी हातोहात वाहून आणल्या आणि सकाळपर्यंत साडेदहा फूट उंच, सहा फूट रुंद स्तंभ उभा केला. त्यावर नाव होते ते कागदावर लिहून डकवलेले. २६ तारखेला पोलिसांनी तो पाडला.

१९५६ च्या राज्यघटनेने बंगालीला उर्दूच्या जोडीने राज्यभाषा केले. त्यानंतर, १९५७ मध्ये, चित्रकार हमीदुर रहमान यांच्या आराखड्यानुसार आजच्या मिनाराचे काम सुरू झाले. शिल्पकार नोवेरा अहमद त्यांच्या सोबत होत्या. त्यांचे श्रेय मात्र पुढे बरीच वर्षे झाकलेलेच राहिले. १९५८ च्या लष्करी राजवटीने काम अडवले. अखेर २१ फेब्रुवारी १९६३ रोजी बरकत यांच्या आई हसीना बेगम यांच्या हस्ते उद्घाटन झाले. मधला, माथ्याशी पुढे झुकलेला स्तंभ म्हणजे आई आणि दोन्ही बाजूंचे चार स्तंभ तिची मुले, असा अर्थ लावला जातो. मूळ आराखड्यातल्या कितीतरी गोष्टी प्रत्यक्षात आल्याच नाहीत. मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याने हाही मिनार उद्ध्वस्त केला. दत्त यांनाही सैन्याने त्याच महिन्यात घरातून उचलून नेले आणि ठार केले. स्वातंत्र्यानंतर मिनार पुन्हा बांधला गेला.

२० फेब्रुवारीच्या मध्यरात्री, बाराच्या ठोक्याला, येथे फुले वाहण्यास सुरुवात होते. पहाटे प्रभातफेरी निघते, तीही अनवाणी. पांढऱ्या-काळ्या कपड्यांतले लोक अब्दुल गफ्फार चौधुरी यांचे ‘आमार भाइयेर रक्ते रांगानो’ (माझ्या भावांच्या रक्ताने रंगलेली) हे गीत म्हणत चालतात. आज ते ज्या चालीत गातात ती अल्ताफ महमूद यांची. त्यांनाही १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याने पकडून नेले, ते परतले नाहीत. आदल्या रात्री ढाका विद्यापीठाच्या चारुकला (ललित कला) विभागाचे विद्यार्थी समोरच्या रस्त्यावर आल्पना, म्हणजे रांगोळीसारखी नक्षी, रंगवतात. जवळच बांगला अकादमीचा पुस्तक मेळा महिनाभर चालतो.

युनेस्कोने १७ नोव्हेंबर १९९९ रोजी २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला. (कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला येणारा मराठी भाषा गौरव दिन वेगळा.) भारतात बंगालीसाठी असेच बळी १९ मे १९६१ रोजी आसामातल्या सिलचर रेल्वे स्थानकावर पडले: अकरा जण. त्यांची आठवण बराक खोऱ्याबाहेर फारशी काढली जात नाही.

बांगलादेशातही प्रश्न संपलेला नाही. १९८७ च्या कायद्याने सरकारी कामात बंगाली सक्तीची केली, तरी उच्च न्यायालयांत इंग्रजीचा वापर टिकून आहे. चाकमा, मारमा, त्रिपुरा, गारो आणि सादरी या अल्पसंख्य जमातींच्या भाषांत सरकारी पाठ्यपुस्तके मिळू लागली ती २०१७ पासून, आणि तीही अगदी खालच्या वर्गांपुरती.