डाळींतील अ‍ॅलर्जीकारक प्रथिनांची ओळख

डाळी, कडधान्ये आणि शेंगदाणे यांतील नेमक्या कोणत्या प्रथिनाला रुग्णाच्या रक्तातील आयजीई ही अ‍ॅलर्जी घडवणारी प्रतिपिंडे चिकटतात आणि अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, दम लागणे असा त्रास सुरू होतो, हे शोधण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. त्वचाचाचणीत ३ मिमी किंवा त्याहून मोठा फोड उठला, तर ‘हरभरा चालत नाही’ अशी शंका घेता येते. हरभऱ्यातले काय चालत नाही, ते त्यातून कळत नाही.

संशयित प्रथिने बहुतेक बियांच्या साठ्यातलीच असतात. व्हिसिलिनचे उपघटक साधारण ४५ ते ६५ किलोडाल्टनचे (हे प्रथिनाचे वस्तुमान मोजण्याचे एकक), लेग्युमिनचे २० ते ४० चे आणि २एस अल्ब्युमिन २० च्या खाली. नाव वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून पडते: भुईमुगाचे अरा एच १, मसुराचे लेन सी १, वाटाण्याचे पिस एस १. बर्चच्या परागाशी साधर्म्य असलेला पीआर-१० हा प्रथिनांचा गट युरोपात महत्त्वाचा आहे. बर्चची झाडे नसलेल्या नागपुरात त्याचा क्रमांक मागे लागतो.

नमुना घेतानाच निम्मी चूक होते. सुटे बेसन घेऊ नये, कारण त्यात लाखोळीच्या पिठाची भेसळ होऊ शकते. अख्खी डाळ आणून दळावी. (लाखोळीतला पाय लुळे पाडणारा घटक हे अमिनो आम्ल आहे. त्याचा अ‍ॅलर्जीशी संबंध नाही.) तुरीचे टरफल काढावे, त्यातले टॅनिन प्रथिनांना धरून बसते. नमुना कच्चा आणि शिजवलेला असा दोन्ही हवा. उकळताना बरीच प्रथिने पाण्यात उतरतात, म्हणून ते पाणीही तपासावे. तर्री पोह्यांतले हरभरे बाजूला काढून नुसती तर्री खाणारा रुग्ण याच कारणाने सुरक्षित नसतो.

पिठातील तेल थंड अ‍ॅसिटोनने काढतात. मग १ ग्रॅम पिठाला १० मिली फॉस्फेट बफर (सामू ७.४) या प्रमाणात, प्रथिने तोडणाऱ्या विकरांचा रोधक घालून, ४ अंश सेल्सिअसला रात्रभर ढवळतात. नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम बाहेर टेबलावर केले, तर पुढे जेलवर वेगवेगळ्या प्रथिनांच्या पट्ट्यांऐवजी तुटलेल्या प्रथिनांचा धूसर पट्टा मिळतो. अर्क अपकेंद्रित्रात फिरवून गाळतात, प्रथिने मोजतात आणि प्रत्येक खाचेत १० ते २० मायक्रोग्रॅम भरून १२ टक्के जेलवर विजेच्या प्रवाहाने आकारानुसार वेगळी करतात. २एस अल्ब्युमिनची घडी गंधक-बंधांनी टिकलेली असते. हे बंध तोडणाऱ्या मर्कॅप्टोइथेनॉलने ती उलगडली की आयजीई कधी कधी चिकटतच नाही. म्हणून त्याच्याशिवायचे जेलही चालवावे.

जेलवरची प्रथिने नायट्रोसेल्युलोज पडद्यावर उतरवून त्यावर रुग्णाचे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव), साधारण १० पट विरल करून, रात्रभर ठेवतात. नंतर रंग देणारे आयजीई-विरोधी प्रतिपिंड वापरतात. शेजारी अ‍ॅलर्जी नसलेल्या व्यक्तीच्या सीरममध्ये ठेवलेला पडद्याचा तुकडा आणि एक सीरमविरहित तुकडा हवाच. त्यांवरही रंग आला, तर तो प्रयोग बाद. त्वचाचाचणीपूर्वी अँटिहिस्टॅमिन गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, सीरमसाठी तशी अट नाही.

पडद्यावर रंगलेल्या पट्टीशी जुळणारी पट्टी दुसऱ्या तशाच जेलमधून कापून ट्रिप्सिन या विकराने तोडतात आणि वस्तुमान वर्णपटमापीतून तिचे प्रथिन ओळखतात. एका पट्टीत दोन-तीन प्रथिने निघणे नित्याचे असते, त्यामुळे प्रथिन शुद्ध करून चाचणी पुन्हा करावी लागते.

सर्वांत फसवी चूक साखरेची. डाळींतील अनेक प्रथिनांवर शर्करासाखळ्या असतात आणि काही रुग्णांचे आयजीई फक्त त्या साखळ्यांनाच चिकटते. पट्टी ठळक दिसते, पण रुग्णाला सहसा काहीच होत नाही. सीरममध्ये आधी अननसातील ब्रोमेलेनपासून मिळवलेला शर्करा-रोधक घातल्यावर पट्टी नाहीशी झाली, तर ती यादीतून काढावी. उरलेल्या प्रथिनाने रुग्णाच्या बेसोफिल या पांढऱ्या रक्तपेशी उद्दीपित होतात का, हेही पाहतात.

एका डाळीचा अर्क सीरममध्ये आधी मिसळून दुसरीची पट्टी किती फिकी पडते, यावरून दोघींतले साम्य कळते. शेंगदाणे न चालणाऱ्यांत मेथीचे आयजीई सापडते ते अशाच साम्यामुळे; मेथीही शेंगवर्गीयच. खाद्यपदार्थांच्या लेबलांसंबंधीच्या २०२० च्या भारतीय नियमांत शेंगदाणे आणि सोयाबीन यांची अ‍ॅलर्जीसूचना सक्तीची आहे, हरभरा, तूर आणि मेथी यांची नाही.