बीडिंग, जुन्या मोटारींचे

मोटारीच्या दारांवर, मडगार्डवर व काचांभोवती बसवलेली धातूची शोभेची पट्टी. नाशिकमधील जुन्या फियाट-पद्मिनी व अ‍ॅम्बेसेडरचे हौशी मालक रंगकाम डेंटर-पेंटरकडे सोपवतात. बीडिंग मात्र पुष्कळदा घरीच बसवतात.

पट्टीच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार घोडागाडीच्या फळ्यांचे सांधे झाकणारी पट्टी मोटारीने जशीच्या तशी उचलली. दुसऱ्या मतानुसार ती दुरंगी रंगकामाची सीमारेषा म्हणून रूढ झाली. दुरंगी गाड्यांचा बहर साधारणतः १९५० च्या दशकातला, पट्ट्या मात्र त्याआधीच्या. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. धातूंच्या बाबतीत पितळ व निकेलनंतर क्रोमियमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला. स्टेनलेस स्टीलचा ठळक वापर फोर्डच्या १९३० सालच्या मॉडेल ए गाडीच्या रेडिएटर-कवचावर दिसतो.

पट्टी पत्र्यातील भोकांत अडकवलेल्या क्लिपांवर बसते. ती किती टिकेल हे या भोकांवर ठरते. भोकाची कड उघडी राहिली की पावसाचे पाणी तेथे साचते आणि दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्षरण सुरू होते. स्टेनलेस पट्टी असेल तर दाराचा पत्रा गंजतो. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर बहुधा पट्टीच झिजते. म्हणून कडेला जस्तयुक्त प्रायमर व रंग देऊन, तो पूर्ण वाळल्यावर क्लिपखाली ब्युटिल सीलंट (पाणी अडवणारा रबरी चिकट लेप) भरतात. टोकाला पुष्कळदा बोल्ट असतो. त्याचा नट दाराचे पॅड (आतले आच्छादन) काढून आतून आवळावा लागतो. दारे बंद ठेवून मास्किंग टेपने एक सरळ रेघ आखतात आणि पट्टी एका टोकापासून तळहाताने दाबत नेतात. मधूनच ठोकल्यास तिला पडलेला पोचा सहसा निघत नाही. दाराच्या कडेशी काही मिलिमीटर जागा सोडली नाही, तर दार उघडताना पट्टी मडगार्डचा रंग खरवडते.

काही जण क्लिपऐवजी पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोम टेपने बसवतात. या टेपला सुमारे २० ते ४० अंश सेल्सिअस तापमान मानवते. नाशिकला थंडीत पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा हे काम दुपारी सावलीत करणे इष्ट. पकड पूर्ण येण्यास सुमारे ७२ तास लागतात. तोवर गाडी धूत नाहीत.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज (जुनी, जतन केलेली गाडी म्हणून) नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमारास आले, म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्यांनी आता ही वयोमर्यादा गाठली आहे. अशा गाडीची मूळ भोके बुजवून पट्टी टेपवर चिकटवणे जाणकार टाळतात.