मावशीचा परकर लोळायला लागला

मावशीचे परकर अचानक जमिनीवर लोळायला लागले. नाडी वर बांधून पाहिली, शिंप्याच्या नावाने बोटं मोडून झाली. शेवटी उंची मोजली, तर ती चार सेंटिमीटरने कमी भरली. एक्स-रेमध्ये पाठीचे दोन मणके चेपलेले दिसले. ती कुठे पडली नव्हती की घसरली नव्हती. मध्यंतरी पाठ धरली होती खरी, पण बारा वर्षांचा आमवात अंगात असताना एवढ्यातेवढ्या पाठदुखीला कोण विचारतो!

आपल्याकडे शब्दांचाही घोळ आहे. म्हातारपणी गुडघ्यातली कूर्चा झिजते, तिला आपण ‘हाडांची झीज’ म्हणतो. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा वेगळा आजार. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं आतून विरळ होणं, हे तिसरंच प्रकरण. ते दुखतही नाही, म्हणून दुखणाऱ्या बोटांच्या आड सहज लपतं.

हाड म्हणजे कायम दुरुस्ती चालू असलेला वाडा. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात, ऑस्टिओब्लास्ट नवं भरतात. एका जागचं फोडकाम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, बांधकामाला मात्र तीन-चार महिने लागतात. म्हणजे फोडणारे जरा जास्त झाले, की बांधणाऱ्यांना त्यांना गाठता येत नाही. आमवातात नेमकं हेच होतं. सुजलेल्या सांध्याच्या अस्तरातून टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ असे दाहकारक रेणू बाहेर पडतात. त्यांच्यामुळे ‘रँकलिगँड’ हे प्रथिन वाढतं. ते म्हणजे फोडकाम करणाऱ्यांना दिलेली हाळी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे प्रथिनच नसलेल्या उंदरांमध्ये संधिवात घडवून आणला. सांधे सुजले, पण हाड जवळपास शाबूत राहिलं! दुसरीकडे हाच दाह बांधणाऱ्या पेशींचा हातही आखडता ठेवतो.

हाताच्या एक्स-रेत याची पहिली खूण दिसते. बोटाच्या हाडाचा मधला दांडा पांढरा, ठसठशीत. पेराजवळची टोकं मात्र करडी, धुरकट. पुढे तिथे उंदराने कुरतडावं तशा खाचा पडतात. पण दाहाचे रेणू रक्तातून सगळीकडे फिरतात, त्यामुळे जिथे सूज नाही असे मणके आणि खुब्याचं हाडही विरळ होतं. दुखतंय म्हणून हालचाल कमी, आणि हालचाल कमी म्हणून हाड आणखी कमजोर, हे वर.

त्यात स्टेरॉइड. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं. किंमत नंतर कळली. स्टेरॉइडमुळे नव्या हाडाची भरणी मंदावते आणि पहिल्या काही महिन्यांतच घट सर्वांत वेगाने होते. म्हणून गोळी तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर हाडांचा विचार पहिल्या दिवशीच व्हायला हवा. अर्थात घाबरून ती परस्पर बंद करणं त्याहून धोक्याचं, कारण शरीरातली स्टेरॉइड बनवणारी स्वतःची ग्रंथी तोवर सुस्तावलेली असते.

हाडांची घनता डेक्सा तपासणीत कळते. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. पण आमवातात तेवढा आकडा पुरत नाही. हाड मोडण्याचा दहा वर्षांतला धोका काढणाऱ्या ‘फ्रॅक्स’ या गणकात आमवाताची स्वतंत्र नोंद आहे, आणि घनतेचा आकडा गणकात भरला तरी ती नोंद वेगळी हिशेबात धरली जाते.

‘कॅल्शियमची गोळी चालू आहे ना, मग झालं,’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही. नाचणी, दूध, ड जीवनसत्त्व हवंच. पण विटा आणून टाकल्या म्हणून फोडणारे थांबत नाहीत. त्यासाठी आधी मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी दाह आटोक्यात आणावा लागतो. मग गरजेप्रमाणे हाडांचं औषध. मावशीला अलेंड्रोनेट दिलं: आठवड्यातून एकदा, उठल्या उठल्या, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास चहा नाही की आडवं होणं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. औषधापेक्षा चहाचा तो अर्धा तास तिला जड जातो.

मेथोट्रेक्सेटही आठवड्यातून एकदाच. ते चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवारी ‘हाड’ आणि गुरुवारी ‘सांधे’ असं लाल पेनाने लिहिलेलं असतं. दाराच्या चौकटीवर नातवंडांच्या उंचीच्या खुणा आहेत. त्यांच्याशेजारी आता दर सहा महिन्यांनी ती स्वतःचीही एक रेघ ओढून घेते. परकरांना खालून टीप मारून झाली आहे.