परी म्हणायचं की आसरा : दुसऱ्या भागाआधी थोडी पार्श्वभूमी

या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर फेअरींवरच्या किशोर कादंबरीमालिकेचा दुसरा भाग आहे. पहिला भाग सगळ्यांनी वाचलाय असं धरून चालतो. माणसाची पोर फेअरींच्या दरबारात कशी पोचली, हे पुन्हा सांगत बसत नाही.

फेअरी मूळच्या स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या लोककथांतल्या. तिथं त्या टेकडीच्या पोटात राहतात, बऱ्याचदा माणसाएवढ्याच असतात आणि पंखांचा पत्ता नसतो. लोखंड त्यांना सोसत नाही. त्यांच्या ताटातलं खाल्लं की माणूस तिकडचाच होतो. १५९० च्या दशकात लंडनच्या रंगभूमीनं त्यांना चिमुकलं केलं, एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी सर्रास पंख चिकटवले. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या दोन मुलींनी कागदाच्या फेअरी कापून गवतात उभ्या केल्या आणि फोटो काढले. भलेभले फसले. कबुली आली थेट १९८३ मध्ये.

किशोरांसाठीच्या आजच्या कादंबऱ्यांनी हे पंख पुन्हा छाटले. इंग्रजीत त्यासाठी काही लेखक शब्दाचं जुनं स्पेलिंग मुद्दाम वापरतात, म्हणजे वाचक आधीच सावध. देवनागरीत दोन्ही 'फेअरी'च, तिथं ती सोय नाही. आणि इथंच आमचं घोडं अडलं.

पहिल्या भागाच्या वेळी टिपणं मराठीत काढायची ठरली आणि हात वर करून 'परी' हा शब्द मंजूर झाला. माझा हात खाली होता, हे इथं नोंदवून ठेवतो. परी म्हटलं की आपल्याला गॅदरिंगमधली जाळीचा फ्रॉक घातलेली, हातात चांदणीची छडी धरलेली पोरगी दिसते. गंमत अशी की परीही पूर्वी सोज्वळ नव्हती. शब्द फारसीतून आपल्याकडे आला, पण त्याच्या मागं पारशांच्या धर्मग्रंथातली, अवेस्तातली 'पैरिका' आहे आणि ती चक्क दुष्ट शक्ती. पुढं फारसी कवितेत ती देखणी झाली, आपल्याकडं पोचेपर्यंत गोड झाली. 'परी' आणि 'फेअरी' यांच्या उच्चारातलं साम्य मात्र योगायोगाचं. युरोपातला शब्द लॅटिनमधल्या नियतीच्या शब्दावरून आलाय. परी घेतली तर पात्राचं निम्मं भय सांडतं, एवढंच माझं म्हणणं होतं.

दुसरी बाजू म्हणाली, मग 'आसरा' म्हणा. हे सुचवणं वाटतं तितकं वेडगळ नाही. पंचगंगेकाठच्या मळ्यांत विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेले सात दगड अजून दिसतात. पुढ्यात हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, कधी खण, कधी दहीभात. त्या साती आसरा. शब्द अप्सरेवरूनच आलाय, पण या अप्सरा इंद्राच्या दरबारात नाचत नाहीत, पाण्यात राहतात. आमची आजी भर बाराच्या उन्हात विहिरीवर जाऊ द्यायची नाही. "त्या वडत्यात," एवढंच म्हणायची. बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा अडकित्ता ठेवायचा. तिकडे पाळण्यावर लोखंडी कात्री टांगायचे, फेअरींनी मूल बदलून नेऊ नये म्हणून. दोन्हीकडे धाक लोखंडाचाच.

तरीही 'आसरा' मला पटलं नाही. आसरांची पूजा होते, त्यांना नवस बोलतात. पुस्तकातल्या फेअरींना कुणी नैवेद्य दाखवत नाही, त्यांच्याशी करार होतो, आणि करारातला शब्द अन् शब्द तपासून घ्यावा लागतो. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून त्या खरं बोलूनच फसवतात. आसरांच्या गोष्टीत मी हे कधी ऐकलं नाही. शेवटी या भागापासून 'फेअरी'च लिहायचं ठरलं. उशिरा का होईना.

दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा सरस वाटतो, तो याच करारांमुळं. मालिकेतला मधला भाग म्हणजे नुसता पूल, असं सर्रास म्हणतात. इथं उलट झालंय. पहिल्या भागात नियम पाठ करावे लागले, आता त्याच नियमांवर डाव टाकले जातात. आपल्या कोल्हापूरला तर दरबारी डाव शिकवायलाच नकोत. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राणीला आणि तिच्या मुलाला कैदेत टाकून सवतीच्या मुलाला गादीवर बसवलं. पुढं १७३१ मध्ये वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या कागदावर पक्क्या झाल्या. लोककथेतही फेअरींचे दोन दरबार आहेत, एक माणसांशी त्यातल्या त्यात बरा, दुसरा उघड वाकडा. आमच्यातली नववीतली पोरगी पहिली पन्नास पानं वाचूनच म्हणाली, "ही तर नुसती भाऊबंदकी हाय की!"

अशी पुस्तकं इथं पोचायला वेळ लागला. शहरातलं जुनं सार्वजनिक वाचनालय १८५० पासून चालू आहे, पण माझ्या शाळेच्या दिवसांत किशोरांसाठी वेगळा कप्पा मी कुठंच पाहिला नाही. चांदोबातून थेट ऐतिहासिक कादंबरीवर उडी मारायची. आता पोरं फोनवर मुखपृष्ठं बघतात, पुस्तक मागवतात आणि मोठ्यांच्या आधी वाचून मोकळी होतात.

कट्ट्याकडे दुसऱ्या भागाच्या तीनच प्रती आहेत. एक परवा परत आली, तिच्यात नदीच्या प्रसंगापाशी समासात कुणीतरी पेन्सिलीनं 'आसरा' लिहिलंय. खाली दुसऱ्याच्या अक्षरात 'न्हवं'.